रँडम वेपॉइंट: सिम्युलेशन पुढे जाईल तसे निकाल सरकतात. किमान वेग, वॉर्म-अप आणि पुढे वाहनांसाठी कोणतं मॉडेल?

बिनतारी_सांगली (प्रश्न)

मंडळी, एम.टेक.च्या प्रकल्पासाठी एओडीव्ही आणि ओएलएसआर या राउटिंग प्रोटोकॉलची (पॅकेटचा मार्ग ठरवणाऱ्या पद्धतींची) तुलना एन-एस-३ या नेटवर्क सिम्युलेटरमध्ये करतो आहे. मांडणी अशी: ५० नोड (फिरती बिनतारी उपकरणं), १००० × १००० मीटरचं मैदान, रेडिओची रेंज साधारण २५० मीटर, सिम्युलेशन ९०० सेकंद. हालचालीला रँडम वेपॉइंट लावलं आहे, म्हणजे नोड यादृच्छिक ठिकाण आणि वेग निवडून तिथे सरळ जातो, थांबतो आणि पुन्हा निवडतो. वेग ० ते २० मीटर प्रति सेकंद युनिफॉर्म, थांबा ० सेकंद. मोबिलिटीचा भाग एन-एस-३ सोबत येणाऱ्या मॅनेट (फिरत्या नोडचं तात्पुरतं नेटवर्क) राउटिंग तुलनेच्या उदाहरणातून घेतला आहे, फक्त मैदानाचा आकार आणि कालावधी बदलला आहे.

अडचण अशी की ९०० सेकंदांचे तीन भाग केले, तर पहिल्या ३०० सेकंदांपेक्षा शेवटच्या ३०० सेकंदांत पोचलेल्या पॅकेटचं प्रमाण दोन्ही प्रोटोकॉलमध्ये चांगलं दिसतं. एओडीव्हीचे रूट एररही (मार्ग तुटल्याचे संदेश) कमी होत जातात. ट्रॅफिक पूर्ण वेळ तोच आहे, १० जोड्या, ठरावीक दर. आरएनजी रन (यादृच्छिक संख्यांचा संच) बदलून पाहिलं, कल तोच राहतो.

हे कशामुळे होतं? सुरुवातीचे किती सेकंद टाकून द्यायचे? आणि गाईडनी पुढच्या टप्प्यात शहरातली वाहनं घ्यायला सांगितली आहेत, तिथे रँडम वेपॉइंट चालेल का?

लघुलहर

दोष प्रोटोकॉलमध्ये नाही. तुमचे नोड हळूहळू मंदावत आहेत. किमान वेग ० ठेवला की रँडम वेपॉइंटमध्ये हे होणारच.

नोड प्रत्येक टप्प्यासाठी एक ठिकाण आणि एक वेग निवडतो. वेगाची निवड युनिफॉर्म आहे, पण तो वेग किती वेळ टिकतो हे वेगावरच अवलंबून आहे. १००० मीटरच्या चौरसात दोन यादृच्छिक बिंदूंमधलं सरासरी अंतर सुमारे ५२१ मीटर. २० मीटर प्रति सेकंदाने ते २६ सेकंदांत संपतं. ०.१ ने जायला ५२१० सेकंद लागतात, म्हणजे जवळजवळ दीड तास. ज्या नोडच्या वाट्याला असा वेग आला तो तुमच्या ९०० सेकंदांतून सुटतच नाही. ० ते २० मधून ०.५ पेक्षा कमी वेग येण्याची शक्यता २.५ टक्के, म्हणजे सरासरी ४० टप्प्यांमागे एक. ०.५ ने ५२१ मीटर जायला १०४२ सेकंद लागतात. वेगवान नोड पटापट टप्पे संपवून पुन्हा पुन्हा निवड करतात आणि त्यातून एकेक जण या मंद टप्प्यांत जाऊन अडकतो. बाहेर पडणाऱ्यांपेक्षा अडकणारे जास्त, म्हणून सरासरी वेग घसरत राहतो. नोड मंदावले की लिंक कमी तुटतात, रूट एरर घटतात, पॅकेट जास्त पोचतात. तुम्हाला दिसणारा कल हाच आहे.

थांबा नसेल तर दीर्घकालीन सरासरी वेगाचं सूत्र सोपं आहे:

सरासरी वेग = (कमाल − किमान) ÷ नैसर्गिक लॉग (कमाल ÷ किमान)

कमाल २० ठेवून किमान १ घेतला तर १९ ÷ २.९९६ = ६.३४. किमान ०.१ घेतला तर ३.७६. किमान ०.०१ घेतला तर २.६३. किमान शून्याकडे नेला की लॉग अनंताकडे जातो आणि सरासरी शून्याकडे. म्हणजे ० ते २० या मांडणीला स्थिर अवस्थाच नाही. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर त्यातच आलं: कितीही सेकंद टाकले तरी ते पुरणार नाहीत, कारण जिथे पोचायचं ते ठिकाणच अस्तित्वात नाही.

यून, लिऊ आणि नोबल यांनी २००३ मध्ये इन्फोकॉम परिषदेत हे नीट सिद्ध करून मांडलं. तरीही ० ते कमाल ही सवय टिकून आहे, कारण लोक उदाहरणाचा कोड जसाच्या तसा उचलतात. एन-एस-३ मधलं ते उदाहरण मुळात २०० सेकंदांचं आहे आणि प्रोटोकॉल कसे जोडायचे हे दाखवण्यासाठी आहे. त्यातली मोबिलिटी प्रबंधात वापरण्याजोगी नाही, हे मी अगदी ठामपणे सांगेन.

किमान वेग १ केलात तरी काम अर्धंच होतं. सुरुवातीला नोडच्या वेगाची सरासरी १०.५ असेल आणि मग ती ६.३४ कडे उतरेल. १ ने चौरसाचा कर्ण, १४१४ मीटर, पार करायला १४१४ सेकंद लागतात. तेव्हा पूर्ण निवळायला लागणारा वेळ तुमच्या सिम्युलेशनपेक्षाही मोठा असू शकतो. वेगाचा पल्ला अरुंद केला तर हा त्रास जवळजवळ जातो: ९ ते ११ घेतलं तर दीर्घकालीन सरासरी ९.९७, सुरुवातीच्या १० ला चिकटूनच. पण मग सगळे नोड एकाच चालीने फिरतात, आणि तुमच्या प्रश्नाला ते चालतं का हे तुम्हीच ठरवायचं.

मध्यबिंदू

वर वेगाचं आलं. स्थानाचंही असंच आहे आणि ते बऱ्याचदा सुटतं.

तुम्ही सुरुवातीला नोड मैदानभर युनिफॉर्म पसरवता, पण रँडम वेपॉइंट चालू झालं की ते मध्याकडे दाटतात. कारण भूमितीचं आहे: कोपऱ्यातून निघालेल्या नोडचं पुढचं ठिकाण बहुतेक वेळा मध्याच्या पलीकडे असतं, त्यामुळे बहुतेक वाटा मधूनच जातात. एका सरळ रेषेवर हिशेब नेमका निघतो. लांबी क असेल तर स्थानाची घनता ६य(क − य) ÷ क³, मध्यावर युनिफॉर्मच्या दीडपट आणि टोकांना शून्य. चौरसात मध्यावरची घनता युनिफॉर्मच्या दुपटीच्या आसपास जाते. दाटी झाली की शेजारी वाढतात, नेटवर्क अधिक जोडलेलं राहतं, पण मधल्या भागात चॅनेलसाठी चढाओढही वाढते. तुमच्या निकालात या दोन्हींचा वाटा आहे, आणि ते एकमेकांच्या उलट दिशेला ओढतात.

थांबा वाढवला की वितरण पुन्हा युनिफॉर्मकडे सरकतं, कारण थांबलेला नोड वेपॉइंटवर असतो आणि वेपॉइंट युनिफॉर्म निवडलेले असतात.

म्हणून वॉर्म-अपचे सेकंद मोजत बसण्यापेक्षा थेट स्थिर अवस्थेतूनच सुरुवात करा. नविदी आणि कॅम्प यांनी २००४ मध्ये याची पद्धत दिली. एन-एस-३ मध्ये ती स्टेडी स्टेट रँडम वेपॉइंट मोबिलिटी मॉडेल या नावाने आहे. किमान-कमाल वेग, किमान-कमाल थांबा आणि मैदानाच्या सीमा एवढंच द्यायचं. किमान वेग मात्र शून्याच्या वरच हवा. दोन ठिकाणी सांभाळा. एक, इथे सुरुवातीचं स्थान मॉडेल स्वतः ठरवतं आणि तेही सिम्युलेशन सुरू झाल्यावर. तुम्ही सुरुवातीच्या जागा ठरवण्यासाठी लावलेला पोझिशन अ‍ॅलोकेटर त्याने पुसला जातो, आणि रन सुरू होण्याआधी नोडचं स्थान छापून पाहिलं तर दिसणारी संख्या खरी नसते. दोन, वेग आणि थांब्याच्या डीफॉल्ट किमती तुमच्या कामाच्या असतील असं धरून चालू नका, सगळ्या स्वतः लिहा. साध्या रँडम वेपॉइंटचा डीफॉल्ट वेग ०.३ ते ०.७ मीटर प्रति सेकंद आहे, म्हणजे रमतगमत चालणारा माणूस.

साध्या मॉडेलमध्ये आणखी एक गोष्ट आहे. त्यात प्रत्येक नोड आधी थांबतो आणि मग चालू लागतो. थांबा ठरावीक ३० सेकंद दिला तर पहिले ३० सेकंद सगळं नेटवर्क गोठलेलं आणि ३१ व्या सेकंदाला ५० च्या ५० नोड एकदम निघतात. त्या काळात ट्रॅफिक चालू असेल तर आलेखात सुरुवातीला एक उंचवटा येतो आणि त्याचं श्रेय प्रोटोकॉलला दिलं जातं.

दुसऱ्या सिम्युलेटरमध्ये हे स्वतः लिहायचं असेल तर असं करा.

आधी नोड थांबलेला आहे की चालतो आहे ते ठरवा. थांबलेला असण्याची शक्यता = सरासरी थांबा ÷ (सरासरी थांबा + सरासरी टप्प्याचा वेळ). टप्प्याचा वेळ म्हणजे सरासरी अंतर गुणिले (१ ÷ वेग) ची सरासरी. १ ते २० साठी दुसरा आकडा लॉग २० ÷ १९ = ०.१५७७, म्हणून टप्पा ५२१ × ०.१५७७ = ८२ सेकंद. थांबा ३० असेल तर शक्यता ३० ÷ ११२ = ०.२७. थांबलेल्या नोडचं स्थान युनिफॉर्म घ्या; थांबा ठरावीक ३० चा असेल तर उरलेला थांबा ० ते ३० मधून युनिफॉर्म काढा, पूर्ण ३० देऊ नका.

चालत्या नोडसाठी मैदानात दोन बिंदू टाका. त्यांच्यातलं अंतर भागिले कर्ण एवढ्या शक्यतेने ती जोडी स्वीकारा, नाहीतर नवी जोडी टाका. यामुळे लांब टप्प्यांना त्यांच्या लांबीइतकं वजन मिळतं. मग त्या रेषेवर कुठेही युनिफॉर्म जागा निवडा, नोड तिथे ठेवा आणि दुसऱ्या बिंदूकडे सोडा. पहिल्या टप्प्याचा वेग = किमान^(१ − उ) × कमाल^उ, जिथे उ म्हणजे ० ते १ मधली यादृच्छिक संख्या. १ ते २० साठी उ = ०.५ वर ४.४७ येतो, म्हणजे कुठल्याही क्षणी चालत्यांपैकी निम्मे नोड ४.४७ पेक्षा हळू असतात. पहिला टप्पा संपला की पुढचे सगळे वेग नेहमीसारखे युनिफॉर्म. लोक बऱ्याचदा पुढच्या टप्प्यांनाही हेच सूत्र लावतात आणि मग नोड दुपटीने मंदावल्यासारखे दिसतात; ते टाळा.

बिनतारी_सांगली

खूप उपयोगी. दोन शंका. जुन्या पेपरमध्ये ० ते २० हेच आकडे आहेत, मग माझी तुलना त्यांच्याशी कशी जुळवायची? आणि दोन्ही प्रोटोकॉलना नेमकी तीच हालचाल मिळते आहे हे कसं पक्कं करायचं? प्रोटोकॉल बदलला की नोडच्या जागाही बदललेल्या दिसतात.

लघुलहर

जुन्या आकड्यांशी जुळवायचं असेल तर जुनी मांडणी जशीच्या तशी, त्याच कालावधीची, स्वतंत्र चालवा आणि वेगळ्या तक्त्यात ठेवा. १९९८ च्या मोबीकॉम परिषदेत ब्रॉख आणि सहकाऱ्यांनी डीएसडीव्ही, टोरा, डीएसआर आणि एओडीव्ही यांची तुलना केली. त्यात ५० नोड, १५०० × ३०० मीटर, ९०० सेकंद आणि थांबे ०, ३०, ६०, १२०, ३००, ६०० व ९०० असे सात. प्रत्येक थांब्यासाठी १० म्हणजे एकूण ७० हालचाल-फाइली आधीच बनवून ठेवल्या होत्या आणि त्याच फाइली चारही प्रोटोकॉलना दिल्या. त्यांच्या निष्कर्षांची आपसातली तुलना त्यामुळे टिकते, कारण मंदावणं सगळ्यांच्या वाट्याला सारखं आलं. टिकत नाही ती गोष्ट म्हणजे "२० मीटर प्रति सेकंद वेगाला इतके टक्के" असं वाक्य. तुमच्या प्रबंधात आडव्या अक्षावर कमाल वेग न लिहिता प्रत्यक्ष मोजलेला सरासरी वेग लिहा. १ ते २० आणि ३० सेकंद थांबा घेतलात तर तो थांब्यासकट ५२१ ÷ ११२ = ४.६५ आहे, २० नाही आणि १० तर नाहीच.

जागा बदलतात त्याचं कारण यादृच्छिक संख्यांच्या प्रवाहांची वाटणी. एन-एस-३ प्रत्येक रँडम व्हेरिएबलला बनण्याच्या क्रमाने प्रवाह देतं. ओएलएसआर आणि एओडीव्ही वेगवेगळ्या संख्येने व्हेरिएबल बनवतात, त्यामुळे मोबिलिटीच्या वाट्याला वेगळाच प्रवाह येतो. मोबिलिटी हेल्परच्या असाइन स्ट्रीम्सला ठरावीक क्रमांक द्या. सुरुवातीच्या जागांसाठी वेगळा पोझिशन अ‍ॅलोकेटर असेल तर त्याला असाइन स्ट्रीम्स स्वतंत्र द्यावं लागतं. हेल्पर ते करत नाही. नंतर सीड तोच ठेवून फक्त रन क्रमांक बदला.

मग प्रत्येक रनमध्ये दोन प्रोटोकॉलचा फरक काढा आणि त्या फरकांवर विश्वासमर्यादा लावा. १० रनसाठी ९५ टक्क्यांचा टी-गुणक २.२६२. दोघांच्या वेगवेगळ्या मर्यादा काढून त्या एकमेकींवर येतात का हे पाहण्यापेक्षा जोडीने काढलेल्या फरकाची मर्यादा बहुतेक वेळा बरीच अरुंद मिळते, कारण हालचालीमुळे येणारा चढउतार दोन्हीकडे तोच असतो.

आठवा_थर

मला एक मुद्दा इथे जोडावासा वाटतो: मॉडेलचं नाव आणि पॅरामीटर सांगितले म्हणजे हालचाल सांगून झाली असं होत नाही. त्यातून लिंकला काय होतं ते मोजा. बाय, सदगोपन आणि हेल्मी यांनी २००३ मध्ये हाच आग्रह धरला: हालचालीचा परिणाम लिंकच्या मार्फत प्रोटोकॉलपर्यंत पोचतो, तेव्हा मधली पायरी डोळ्यांसमोर हवी.

दर सेकंदाला सगळ्या नोडची स्थानं फाइलमध्ये लिहा. कोर्स चेंजच्या नोंदी पुरत नाहीत, त्या फक्त दिशा किंवा वेग बदलताना येतात. या फाइलवरून चार गोष्टी काढा: नोडमागे शेजाऱ्यांची सरासरी संख्या, लिंक टिकण्याचा काळ, सेकंदाला तुटणाऱ्या-जुळणाऱ्या लिंक आणि सर्वांत मोठ्या जोडलेल्या गटात किती नोड आहेत.

शेजाऱ्यांचा अंदाज हाताने करता येतो. ५० नोड, २५० मीटर, १००० चा चौरस: ४९ × ३.१४१६ × ६२५०० ÷ १०००००० = ९.६. हा कडांचा विचार न करता. युनिफॉर्म पसरणीत कडांमुळे तो कमी भरतो, रँडम वेपॉइंटच्या स्थिर अवस्थेत मध्यातल्या दाटीमुळे वाढतो. सिम्युलेशनच्या पहिल्या मिनिटातला आणि शेवटच्या मिनिटातला आकडा वेगळा आला तर निकाल सरकणार हे पॅकेट न पाठवताच कळतं. ही तपासणी काही मिनिटांची आहे आणि ती केल्याशिवाय लांब रन लावू नयेत.

लिंकच्या काळाचाही साधा अंदाज असतो. एक नोड सरळ रेषेत दुसऱ्याच्या रेंजमधून गेला तर वर्तुळातल्या त्याच्या वाटेची सरासरी लांबी त्रिज्येच्या १.५७ पट, म्हणजे २५० साठी ३९३ मीटर. सापेक्ष वेग ८ असेल तर ४९ सेकंद.

आता हे प्रोटोकॉलच्या घड्याळांशेजारी ठेवा. एओडीव्हीमध्ये हॅलो (शेजाऱ्यांना आपण आहोत हे कळवणारा संदेश) दर १ सेकंदाला, २ हरवले की लिंक गेली. ओएलएसआरमध्ये हॅलो दर २ सेकंदांना, शेजारी धरून ठेवण्याचा काळ ६ सेकंद, टीसी संदेश (लिंकची माहिती नेटवर्कभर पसरवणारा) ५ सेकंदांना. दोन नोड प्रत्येकी २० ने विरुद्ध दिशांना जात असतील तर ६ सेकंदांत त्यांच्यात २४० मीटरची भर पडते, जवळजवळ पूर्ण रेंज. तेवढा वेळ ओएलएसआर मेलेल्या लिंकवर पॅकेट पाठवत राहू शकतं. म्हणून वेगवान मांडणीत ओएलएसआर मागे पडलं तर तो दोष प्रोटोकॉलच्या रचनेचा की डीफॉल्ट घड्याळांचा, हे वेगळं करून दाखवा. हॅलो १ सेकंदावर आणून तीच हालचाल पुन्हा चालवा आणि वाढलेल्या कंट्रोल पॅकेटचा खर्चही सोबत नोंदवा. माझ्या मते एवढा एक प्रयोग तुमच्या प्रकल्पाला खरी किंमत देईल.

रिंगरोड

वाहनांबद्दल. रँडम वेपॉइंट तिथे अजिबात वापरू नका. वाहन रस्ता सोडत नाही, पुढच्याच्या आरपार जात नाही, सिग्नलला थांबतं. या तिन्ही गोष्टी लिंकवर थेट परिणाम करतात. विरुद्ध दिशांनी प्रत्येकी ताशी ४० किलोमीटरने जाणाऱ्या दोन गाड्यांचा सापेक्ष वेग सेकंदाला २२.२ मीटर, २५० च्या रेंजमध्ये लिंक फार तर २२ सेकंद. एकाच दिशेने, वेगात २ चा फरक असणाऱ्या गाड्यांची लिंक २५० सेकंद टिकू शकते. म्हणजे लिंकच्या काळाला दोन वेगळे डोंगर असतात आणि सरासरी त्यांच्या मधल्या दरीत पडते, जिथे प्रत्यक्षात फारशा लिंकच नसतात. रँडम वेपॉइंटमधून हा आकार कधीच निघत नाही.

सुमो हा वाहतुकीचा सिम्युलेटर वापरा. ओपनस्ट्रीटमॅपवरून भाग उतरवा, सुमोच्या नेटकन्व्हर्टने रस्त्यांचं जाळं बनवा, आणि आपल्याकडे वाहतूक डावीकडून असल्यामुळे लेफ्टहँडचा पर्याय चालू करायला विसरू नका. तो राहिला तर चौकातली वळणं आणि एकमेकांना छेद देणाऱ्या वाटा चुकतात, पण एररचा संदेश येत नाही. जाळं तयार झालं की नेटएडिटमध्ये उघडून एकेरी रस्ते, लेनची संख्या आणि सिग्नल डोळ्यांनी तपासा. नकाशात लेनची नोंद नसेल तर सुमो रस्त्याच्या प्रकारावरून अंदाज करतं आणि पुण्यातल्या पेठांसारख्या जुन्या भागात तो अंदाज फसतो.

पुणे, कोल्हापूर, नागपूर, कुठलंही आपलं शहर घेतलंत तरी दुचाकी घ्याव्याच लागतील. सुमोचं साधं मॉडेल एका लेनमध्ये एकामागे एक गाडी ठेवतं. दुचाकी मोटारीशेजारून पुढे सरकत नाही. त्यासाठी सबलेन मॉडेल चालू करा: लॅटरल रिझोल्यूशनला मीटरचा अपूर्णांक द्या, ०.८ च्या आसपास, आणि दुचाकीला मोटरसायकल हा वाहनवर्ग लावा. रन मंदावेल, पण सिग्नलपुढे दुचाकींचा जथा जमतो तो दिसेल. चॅनेलवर सर्वांत मोठी गर्दी तिथेच होते.

गाड्या किती सोडायच्या याचा हिशेब: एका वेळी जाळ्यात असणाऱ्या गाड्या = सेकंदाला येणाऱ्या गाड्या × सरासरी प्रवासाचा वेळ. ५० हव्यात आणि प्रवास २०० सेकंदांचा असेल तर दर ४ सेकंदांना एक. रँडम ट्रिप्सची स्क्रिप्ट वापरत असाल तर फ्रिंज फॅक्टर वाढवा, म्हणजे प्रवास नकाशाच्या कडांना सुरू होतील आणि संपतील. नाहीतर गाड्या गल्लीच्या मधोमध उगवतात आणि तिथेच नाहीशा होतात. इथे वॉर्म-अप मात्र खरंच लागतो, कारण जाळं रिकामं सुरू होतं. गाड्यांच्या संख्येचा आलेख काढा, तो सपाट झाल्यावर पॅकेट सोडा. सपाट होतच नसेल तर मागणी रस्त्याच्या क्षमतेपेक्षा जास्त आहे.

टेलिपोर्ट हा सर्वांत फसवा भाग आहे. एखादी गाडी ३०० सेकंद अडकली की सुमो तिला उचलून पुढच्या मोकळ्या रस्त्यावर ठेवतं. वाहतूक अभ्यासाला ती सोय आहे, आपल्याला ती विष आहे: एका क्षणात नोड शेकडो मीटर सरकतो आणि त्याच्या सगळ्या लिंक एकदम तुटतात. टाइम टू टेलिपोर्टला उणे १ द्या. मग कोंडी सुटली नाही तर ती दिसेल, आणि ती बहुतेक वेळा जाळ्यातल्या चुकीच्या सिग्नलमुळे किंवा चुकीच्या वळणामुळे असते. तिथेच दुरुस्त करा.

बिनतारी_सांगली

सुमोचा निकाल एन-एस-३ मध्ये आणताना काय सांभाळायचं? की व्हेन्सकडेच जावं? आणि रस्ते न घेता वेग-दिशा थोड्या सलग राहतील असं मधलं मॉडेल म्हणून गाउस-मार्कोव्ह चालेल का?

मध्यबिंदू

गाउस-मार्कोव्ह ड्रोनला किंवा मोकळ्या मैदानातल्या नोडला शोभतं, रस्त्याला नाही. नवा वेग = अल्फा × जुना वेग + (१ − अल्फा) × सरासरी वेग + वर्गमूळ (१ − अल्फा²) × गाउसियन खडखड; दिशेलाही तेच. अल्फा ० म्हणजे स्मृती नाही, १ म्हणजे वेग आणि दिशा कायम. एन-एस-३ मध्ये अल्फा दिला नाही तर तो १ च असतो, म्हणून तो न देता चालवलेले नोड सीमेपर्यंत सरळ जातात आणि आपटून परततात.

इथे नेहमी निसटतं ते म्हणजे अल्फा आणि टाइम स्टेप यांचं नातं. १ सेकंदाच्या पायरीला अल्फा ०.८५ असेल तर १० सेकंदांनी जुन्या वेगाचा प्रभाव ०.८५ चा दहावा घात, सुमारे ०.२ उरतो. पायरी अर्धा सेकंद केली आणि अल्फा तोच ठेवला तर तेवढी स्मृती ५ सेकंदांतच संपते. पायरी अर्धी केली की अल्फाचं वर्गमूळ घ्या, ०.९२२. पेपरमध्ये नुसतं "अल्फा ०.८५" लिहिलेलं असेल आणि पायरी लिहिलेली नसेल तर तो प्रयोग पुन्हा करून पाहता येत नाही.

रिंगरोड

व्हेन्स हे ओम्नेट हा नेटवर्क सिम्युलेटर आणि सुमो यांना ट्रासी या दुव्याने चालू अवस्थेत जोडतं. संदेश मिळाल्यावर गाडी मार्ग बदलते किंवा ब्रेक लावते असा तुमचा प्रयोग असेल तर तेच हवं. फक्त एओडीव्ही-ओएलएसआरची तुलना असेल, आणि पॅकेटमुळे गाडीचं वागणं बदलत नसेल, तर हालचाल-फाइल पुरते आणि दोन्ही प्रोटोकॉलना तीच हालचाल आपोआप मिळते.

सुमोमधून एफसीडी आउटपुट (दर क्षणी प्रत्येक गाडीचं स्थान आणि वेग) काढा, ट्रेस एक्स्पोर्टरने एन-एस-२ च्या हालचाल-रूपात बदला आणि एन-एस-३ च्या एन-एस-२ मोबिलिटी हेल्परने वाचा. नोडची संख्या आधी जाहीर करावी लागते. ती फाइलमधल्या सर्वांत मोठ्या क्रमांकापेक्षा एकने जास्त ठेवा, क्रमांक शून्यापासून असतात. लक्षात घ्या, एका वेळी ५० गाड्या असल्या तरी ९०० सेकंदांत दर ४ सेकंदांना एक म्हणजे २२५ गाड्या येऊन जातात, तेव्हा नोड २२५ लागतील आणि सुरुवातीला जाळं भरण्याचा काळ धरला तर त्याहून जास्त.

याच २२५ मध्ये खरी खोच आहे. हालचाल-फाइलमध्ये न आलेली गाडी तिच्या पहिल्या जागेवर उभी दिसते आणि गेलेली गाडी शेवटच्या जागेवर. एन-एस-३ ला ती गाडी जाळ्यात नाही हे माहीत नसतं. तिचा रेडिओ चालू राहतो, ती हॅलो पाठवते, दुसऱ्यांची पॅकेट पुढे ढकलते. नकाशाच्या कडांना अशा भुतांची रांग लागते आणि नेटवर्क प्रत्यक्षापेक्षा कितीतरी जास्त जोडलेलं दिसतं. ट्रेस एक्स्पोर्टरकडून अ‍ॅक्टिव्हिटी फाइलही काढून घ्या. तिच्यात प्रत्येक नोडची येण्या-जाण्याची वेळ असते. त्या वेळांना अ‍ॅप्लिकेशन सुरू-बंद करणं पुरेसं नाही, कारण राउटिंग प्रोटोकॉल अ‍ॅप्लिकेशनच्या खाली चालूच राहतो. इंटरफेस वर-खाली करा, किंवा सोपा उपाय म्हणजे नसलेल्या नोडला मैदानापासून काही किलोमीटर दूर, आणि एकमेकांपासूनही रेंजबाहेर, वेगवेगळ्या जागी नेऊन ठेवा. सगळे एकाच दूरच्या बिंदूवर ठेवले तर ते आपसातच हॅलो पाठवत बसतील आणि कंट्रोल पॅकेटची मोजणी बिघडेल.

रेडिओचाही विचार करा. मोकळ्या मैदानातलं २५० मीटरचं वर्तुळ इमारतींमधल्या रस्त्यांना लागू नाही. कोपऱ्यापलीकडची गाडी ६० मीटरवर असूनही ऐकू येत नाही असं होतं. हालचाल एवढ्या बारकाईने घेऊन तिच्यावर साधं अंतराचं मॉडेल ठेवलं तर चौकातल्या लिंक खोट्या जास्त येतात. एन-एस-३ च्या बिल्डिंग्ज मॉड्यूलमध्ये इमारती निदान आयताकृती ठोकळ्यांनी मांडा. वेळ कमी असेल तर नकाशा लहान करा, चार-पाच चौक पुरेत, पण इमारती वगळू नका.

आठवा_थर

रिंगरोड यांच्या भुतांसाठी एक झटपट तपासणी: प्रत्येक सेकंदाला ज्यांच्याकडून एक तरी हॅलो गेला असे नोड मोजा आणि सुमोच्या समरी आउटपुटमधल्या चालू गाड्यांच्या संख्येशेजारी ठेवा. दोन्ही आलेख एकमेकांवर बसले पाहिजेत. एओडीव्हीसाठी हॅलो चालू ठेवूनच ही तपासणी करा, आणि तिथे एक-दोन नोड कमी भरले तर घाबरू नका. ज्या नोडने नुकताच दुसरा ब्रॉडकास्ट केला आहे तो त्या सेकंदाचा हॅलो गाळू शकतो. आकडा गाड्यांपेक्षा जास्त आला तर मात्र कुठला तरी इंटरफेस बंद व्हायचा राहिला आहे. ओएलएसआरमध्ये हॅलो दोन सेकंदांनी जातो, म्हणून तिथे दोन सेकंदांची खिडकी घ्या.